दुपारी दीडची मालिका

दाताच्या दवाखान्यात तिचा नंबर यायला अजून चार माणसं होती आणि भिंतीवरच्या टीव्हीत नेमकी तिचीच रात्री आठची मालिका चालू होती. घरचे तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरत नसे. पण गेली चार वर्षं ती या एका मालिकेचे संवाद लिहीत खुर्चीला खिळून बसली होती. मालिकेच्या नायिकेची स्मृती दोनदा गेली होती आणि एकदाच परत आली होती.

पडद्यावर नायिका आईशी भांडायला उभी राहिली. हा सीन भिंगरीने जीव ओतून लिहिला होता. नायिका एक वाक्य बोलली, तिने दाराकडे बघितलं, आणि सीन संपला.

"तीन पानं लिहिली होती मी," ती पुटपुटली. "कुणी गिळली कोण जाणे."

शेजारच्या खुर्चीतला माणूस दचकला. उंच, विस्कटलेल्या केसांचा, एक गाल सुजलेला. त्याने हळूच हात वर केला.

"मी..." तो म्हणाला. इंजेक्शनने त्याचा अर्धा जबडा बधिर झाला होता. तेवढा एक शब्दच काय तो धड बाहेर आला.

मग त्याने गळ्यातलं स्टुडिओचं ओळखपत्र पुढे केलं. तो त्या मालिकेचा संकलक होता. ती घरून लिहून पाठवायची, तो स्टुडिओच्या तळघरात बसून कापायचा. चार वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता समोर सापडलाच आहे तर भिंगरीने त्याला चांगलं फैलावर घेतलं. बिचाऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती. शेवटी त्याने खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि पाठीमागे लिहिलं, 'ती दाराकडे बघते तेव्हाच आईला सगळं कळतं. पुढची दोन पानं आईसाठी नव्हती, लेखिकेसाठी होती.' आणि खाली, जरा बारीक अक्षरात, 'एक पान मात्र चॅनेलने कापायला लावलं. त्यासाठी मी भांडलो होतो.'

भिंगरीने ते दोनदा वाचलं. राग आला. खरं आहे हेही कळलं, म्हणून आणखी राग आला. तेवढ्यात तिला आत बोलावलं. अर्ध्या तासाने ती स्वतःचा बधिर गाल धरून बाहेर आली, तर हा अजून तिथेच बसलेला. दोघांनाही नीट हसता येईना, आणि त्यामुळेच हसू आवरेना.

मग ती दर गुरुवारी तळघरातल्या त्याच्या खोलीत जाऊ लागली. कारण अर्थात कामाचं. एकच सीन तो तीन तऱ्हांनी जोडून दाखवायचा, ती गालावर पेन टेकवून बघायची. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं हे ती तिथे शिकली. त्याला पडद्याकडे बघायचं असायचं, पण नजर मध्येच वाट चुकायची...

"तुम्ही गुरुवारीच का येता?" एकदा त्याने विचारलं.

"बाकीचे दिवस लिहिण्यात जातात. का, अडचण होते?"

"छे... गुरुवारी माझी सुट्टी असते, एवढंच."

तेव्हा सात गुरुवार उलटून गेले होते. भिंगरीने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं, आणि पुढच्या गुरुवारी केसांत नवी पिन लावून वेळेआधीच हजर झाली.

त्यालाच तिने पहिल्यांदा मावशीची गोष्ट सांगितली. काका गेल्यावर मावशी एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकली होती आणि आता शाळेची बस चालवत होती. भिंगरीला तिच्यावर मालिका लिहायची होती. तो ऐकताना एकदाही हलला नाही. मग म्हणाला की हे तिने दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये.

चॅनेलच्या प्रमुखबाईंनीही गोष्ट ऐकली आणि गोड हसून सांगितलं की पन्नाशीची नायिका कोण बघणार? मावशीला सासू करा, नायिका म्हणून तिची तरुण मुलगी घ्या. मावशीला मुलगीच नाही, असं भिंगरी म्हणाली. मग लिहा एक, बाई म्हणाल्या.

भिंगरीने मुलगी लिहिली नाही. तिने चार वर्षांची मालिका सोडली आणि स्वतःच निर्माती व्हायचं ठरवलं. आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कपाटातल्या आपल्या चांगल्या साड्या काढल्या आणि त्यातली कुठली नटीला शोभेल असं विचारलं. मावशीने घर दिलं, बस दिली, आणि नटीला गिअर टाकायला शिकवायचं कामही अंगावर घेतलं.

शूटिंगच्या चौथ्या दिवशी सकाळपासून पाऊस झोडपत होता. बस मागे घ्यायचा शॉट होता. या मालिकेचंही संकलन तोच करणार होता; शूटिंगला त्याचं खरं तर काही काम नव्हतं, पण तो छत्री विसरून बसच्या मागे उभा राहून काचेवरचे थेंब बघत होता. नटीने क्लच सोडला, बसने हिसका दिला...

"अरे, सरक ना बाजूला! मरायचंय का तुला?" भिंगरी किंचाळली.

तो बाजूला झाला. बस थांबली. सगळे आपापल्या कामाला लागले, पण तो तिथेच भिजत हसत उभा.

"काय झालं हसायला?"

"'अहो'चं 'अरे' झालं," तो म्हणाला. "आता परत मागे नको नेऊस."

चार एपिसोड तयार झाले. मग एके दिवशी तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं की बाहेरचं काम करतो म्हणून स्टुडिओच्या मालकाने त्याला दोनांतलं एक निवडायला सांगितलं होतं, आणि महिन्यापूर्वीच त्याने राजीनामा दिला होता. ती तणतणत त्याच्या घरी गेली. त्याने जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला होता आणि पाचव्या एपिसोडची तयारी चालवली होती.

"मला सांगितलं का नाहीस? तुझ्या उपकारांवर उभी राहू मी?"

"उपकार कसले? चार वर्षं स्मृती गेलेली बाई कापत होतो. मला धड काम हवं होतं. आणि..."

"आणि?"

त्याने खुर्ची फिरवली. कान लाल झाले होते. "आणि रोज गुरुवार हवा होता."

भिंगरीकडे त्याला सुनवायला निदान चार मिनिटांचं बोलणं तयार होतं. ते तिने तिथेच कापलं. ती त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि पाचवा एपिसोड दाखव म्हणाली. पडद्यावर बस चालत राहिली, आणि टेबलाच्या कडेवरचा तिचा हात त्याच्या हाताला लागून तसाच राहिला.

त्याच महिन्यात चॅनेलची एक मालिका अचानक बंद पडली. दुपारी दीडची वेळ रिकामी झाली. त्या वेळेला कुणी टीव्ही बघत नाही असं सगळेच मानत. भोक बुजवायला काहीतरी हवं म्हणून प्रमुखबाईंनी भिंगरीचे तयार एपिसोड मागवले, पुढचे होतील तसे घेऊ म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात कुणी दखल घेतली नाही. दुसऱ्या आठवड्यात चॅनेलला पत्रं येऊ लागली. एका शिवणवर्गाने दुपारची सुट्टी दीड वाजता केली होती. एका इस्पितळातल्या आयांनी मालिकेसाठी पाळ्या बदलून घेतल्या होत्या. एका बाईंनी आपल्या नव्या लायसन्सचा फोटो पाठवला, वय चौपन्न. तीन महिन्यांत दीडच्या मालिकेने रात्रीच्या सगळ्या मालिकांना मागे टाकलं.

मग प्रमुखबाईंनी भिंगरीला बोलावून घेतलं. लांब टेबलाभोवती चॅनेलची नऊ माणसं बसली होती. बाई म्हणाल्या की त्यांना पहिल्यापासूनच खात्री होती. आता मालिका रात्री आठला येईल, भिंगरीच्या जुन्या मालिकेच्या जागी. फक्त नायिकेचं वय थोडं...

"वय तेच राहील," भिंगरी म्हणाली. "गोष्ट मी सांगेन तशीच जाईल. आणि संकलन हाच करेल. प्रत्येक एपिसोडचं, शेवटपर्यंत."

तो तिच्या शेजारी फाईल धरून बसला होता. बाईंनी चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. वय आणि गोष्ट ठीक, पण संकलक चॅनेलचा असतो, त्या म्हणाल्या. मग थोडं हसून, "हे तुमचे कोण, एवढा हट्ट धरायला?"

भिंगरीने आयुष्यात निदान साठ पात्रांना प्रेमाची कबुली लिहून दिली होती. बागेत, विमानतळावर, इस्पितळाच्या खाटेवर. मीटिंगमध्ये एकालाही नाही.

"मालिकेचे संकलक," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "माझा नवरा होशील का, ते... अजून विचारलं नव्हतं. आता विचारते."

त्याच्या हातातली फाईल टेबलावर आपटली. कुणीतरी खोकलं.

"इथे?" तो म्हणाला. "इतक्या लोकांसमोर?"

"दुपारी दीडला आपल्याला कुणी बघत नव्हतं, तेव्हा तू होतास. आता सगळे बघणार आहेत... तर बघू देत."

त्याने नऊ जणांकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्याकडेच बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "रोज."

प्रमुखबाईंनी पेनाचं टोपण काढलं, करारातली संकलकाची ओळ स्वतःच्या हाताने दुरुस्त केली आणि कागद भिंगरीपुढे सरकवला. निर्माती आणि लेखिका, दोन्ही रकान्यांत तिने सही केली.

बाहेर लख्ख ऊन होतं. पायऱ्यांवरूनच तिने आईला फोन लावला आणि दोन्ही बातम्या एका दमात सांगितल्या. आईने रात्री आठच्या बातमीला नुसतं "हं" केलं आणि मुलगा काय करतो ते विचारलं.

"आई, गेले सहा महिने तू त्याला जेवायला वाढतेयस."

"तो?" आई म्हणाली. "मग इतके दिवस वाट कसली बघत होतीस, भिंगरे?"

भिंगरीने फोन त्याच्या हातात दिला, त्याचा दुसरा हात धरला आणि दोन दोन पायऱ्या एकदम उतरायला लागली.