अर्धा लिटर हवा

दादाच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी मी गेले, ते एक अपुरी राहिलेली चाचणी पुरी करायला. काम तासाभराचे होते. दुपारचे दोन वाजले होते, अंगणात लख्ख ऊन होते आणि पलीकडच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा कापत होते. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी ऐकताना लोक पदरचा अंधार घालतात. तुम्ही घालू नका. जो काही अंधार होता तो त्या एका खोलीपुरता होता, आणि त्या खोलीला दिव्याचे बटण होते.

दादा माझा थोरला भाऊ. वेगाच्या शौकिनांच्या गाड्या अधिक वेगवान करून देणे हा त्याचा धंदा. कारखान्यातून येणारी स्पोर्ट्स कारसुद्धा आवाजाच्या आणि धुराच्या नियमांपायी थोडी गुदमरलेलीच असते. पुढून हवा आत घेणारी वाट अरुंद, मागून धूर सोडणारी त्याहून अरुंद. दादा दोन्ही मोकळ्या करायचा. पुढे मोठा फिल्टर आणि आतून गुळगुळीत पाइप, मागे रुंद एक्झॉस्ट. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "नाकात बोळा आणि तोंडावर हात, अशी पळते बिचारी. मी काही करत नाही हो, फक्त हात काढतो." रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे इंजिनाला लावून तो हवेचा आवाज ऐकायचा आणि गळती नेमकी कुठे आहे ते सांगायचा. मी विद्यापीठात हाच विषय, म्हणजे वायूंचे वहन, अठरा वर्षे शिकवते आहे. त्याच्या कानावर माझा विश्वास नव्हता. माझ्या आकड्यांवर त्याचा होता. मला तो 'दशांश' म्हणायचा.

"आली का दशांश? बसा. चहा किती पूर्णांक किती घेणार?"

एका दंतवैद्याची तांबडी, बुटकी, दोनच माणसे मावतील अशी गाडी त्याच्याकडे आली, तेव्हा हिशेब मी केला. मागचा पाइप तीन इंचांऐवजी चार इंचांचा करावा, ताकद आठ पूर्णांक तीन टक्क्यांनी वाढेल, असे मी लिहून दिले. हिशेब बरोबर होता. आजही बरोबर आहे.

त्या हिशेबात एकच गोष्ट धरलेली नव्हती. गाडीची ताकद मोजायची तर ती बंद खोलीत रोलरवर उभी करतात. चाके सुसाट फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. त्या वेळी निघणारा धूर बाहेर नेण्यासाठी एक्झॉस्टच्या तोंडावर एक जाड नळी चढवावी लागते. दादाच्या खोलीतल्या त्या नळीचे तोंड साडेतीन इंचांचे होते. ही अडचण कागदावर दिसत नाही. जो वाकून नळी चढवतो त्यालाच दिसते.

त्याला दिसली. चाचणीच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला होता. "दशांश, तुझा पाइप माझ्या नळीत मावत नाही गं."

मी वर्गावर निघाले होते. म्हणाले, "मग नळी बदल. गणित बदलणार नाही."

तो हसला आणि त्याने फोन ठेवला. नवी नळी यायला चार दिवस लागले असते आणि त्याने गिऱ्हाइकाला शब्द दिला होता. त्याने जुन्या नळीचे रबर चिरले, ताणले, पट्टा आवळला आणि चाचणी सुरू केली. गरम झालेले रबर सटकले. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. संध्याकाळी वहिनी डबा न्यायला आली, तेव्हा इंजिन चालू होते आणि दादा ड्रायव्हरच्या सीटवर होता, कानाशी आवाज ऐकायची ती रबरी नळी धरून.

चौकशीत तज्ज्ञ म्हणून मलाच विचारण्यात आले. मी लिहिले : 'धूर वाहून नेणारी नळी योग्य रीतीने बसवलेली नव्हती.' या वाक्यातले एकही अक्षर खोटे नाही. कर्मणी प्रयोगाची हीच तर सोय असते. काम राहते, करणारा दिसत नाही. आणि ते वाचून जो तो आपल्याला हवा तो कर्ता भरतो.

वहिनीने कोणता भरला, ते मला त्या दुपारी कळले.

तीन महिन्यांनी खोलीवरचे पोलिसांचे सील निघाले होते आणि दंतवैद्याला गाडी हवी होती. वर्कशॉप बंदच करायचे होते. पण त्याआधी शेवटचे काम पुरे व्हावे, असा वहिनीचा हट्ट होता. खोलीचे दार तिनेच उघडून दिले. आत रबर, जळके तेल आणि हात धुण्याच्या पेस्टचा संत्र्यासारखा वास कोंडलेला होता. भिंतींना आवाज शोषणारा स्पंज होता. त्या खोलीत बोलले की शब्द ओठांपाशीच संपतात. मी माझी उपकरणे लावली : फिल्टरच्या तोंडाशी आत जाणारी आणि बाहेर येणारी, दोन्ही दिशांची हवा मोजणारा मीटर, भिंतीवर विषारी वायूचा नवा मीटर, आणि एक्झॉस्टवर घरून करून आणलेले पत्र्याचे कडे.

"हे काय नवीन?" वहिनीने विचारले.

"जोड आहे. नळी घट्ट बसावी म्हणून."

"मग तेव्हा कशी बसली होती, वन्सं?"

मी वाकून पट्टा आवळत राहिले.

"त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं," ती म्हणाली. "काही नाही हो, नेहमीचंच. जेवायला वेळेवर या म्हटलं, तर म्हणाले गाडी सोडून येता येत नाही. मी म्हटलं, मग त्या गाडीतच जाऊन मरा." ती जराशी हसली. "तोंडात बसलेलं वाक्य. बाई, दिवसातून दोनदा म्हणत असेन… मला एवढंच सांगा, ती नळी निघाली, की त्यांनी काढली?"

"आधी चाचणी होऊ द्या," मी म्हणाले.

चाचणी उत्तम झाली. चाके फिरली, गाडी जागच्या जागी गर्जली, कडे हलले नाही. आकडा आला : आठ पूर्णांक तीन. मी इंजिन बंद केले, पंखा बंद केला, दार लावून घेतले आणि नोंदी उतरवायला बसले. इंजिन निवताना पत्रा टिकटिकतो, तेवढाच आवाज होता. मग तोही थांबला.

हवेच्या मीटरच्या पडद्यावरची रेषा मात्र थांबली नव्हती.

इंजिन बंद असताना हवेची रेषा शून्यावर सपाट हवी. ती हळूच वर चढत होती, क्षणभर थांबत होती, खाली उतरत होती. आत. बाहेर. मी मोजले : मिनिटाला चौदा वेळा, दर खेपेस अर्धा लिटर. हे इंजिन दोन लिटरचे, सिलिंडर चार. अर्धा लिटर म्हणजे बरोबर एका सिलिंडरचा घास. या योगायोगाने मला बरे वाटले. पण पिस्टन हलल्याशिवाय सिलिंडर घास घेत नाही, आणि किल्ली माझ्या हातात होती. अर्धा लिटर हवा आणखी कोण घेते, हे मला ठाऊक होते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस, एका श्वासाला.

मी फिल्टरच्या तोंडावर तळहात ठेवला. तो आत ओढला गेला, अगदी हलकेच. मग त्यावर ऊब आली. हात काढला तेव्हा तळवा ओलसर होता.

घाबरण्याआधी जे तपासायचे असते ते मी तपासले. विषारी वायूने भास होतात. भिंतीवरचा मीटर शून्य दाखवत होता. तरीही बाहेर गेले. अंगणात वहिनी बाकावर बसून जुनी फडकी घडी घालत होती, कुणाला लागणार होती कोण जाणे. दहा मिनिटे मी मोकळ्या हवेत उभी राहिले. परत आत आले. चौदा. अर्धा लिटर.

एक शक्यता उरत होती. स्पंजच्या भिंती, बंद दार, इतकी लहान जागा… मीटर कदाचित माझाच श्वास मोजत असेल. याची परीक्षा सोपी होती. मी समोरच्या घड्याळावर नजर ठेवली आणि श्वास रोखला.

रेषा थांबली नाही. आत. बाहेर. म्हणजे ती माझी नव्हती. निष्कर्ष निघाला, तशी मी पुढच्या शक्यतेकडे वळले. नळ्या पाहिल्या, तारा पाहिल्या, कागदावर दोन ओळी लिहिल्या. मग सहज घड्याळाकडे लक्ष गेले.

चार मिनिटे अकरा सेकंद झाली होती. मी अजून श्वास घेतलेला नव्हता.

छातीत कोंडले नव्हते. कानात ठोके नव्हते. मला श्वासाची गरजच वाटत नव्हती. समोर रेषा शांतपणे चढत होती, उतरत होती, आणि दर चढीला माझी बोटे, माझे डोके, माझे सगळे अंग… कसे सांगू… भागत होते. कुणीतरी माझ्या वाटचे काम करत होते. लहानपणी माझ्या हातून काही फुटले की दादा पुढे होऊन म्हणायचा, "माझ्याकडून फुटलं." मी मागे उभी राहून गप्प राहायचे, आणि त्याला मार बसायचा. अगदी तसेच वाटत होते. तसेच निवांत.

दार उघडले. उन्हाची पट्टी फरशीवर आली. वहिनी उंबऱ्यावरच थांबली.

"झालं का हो, वन्सं?"

मी मान हलवली.

"मग सांगा आता." तिने हातातले फडके पिळल्यासारखे धरले होते. "तीन महिने मी झोपलेले नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही म्हणाल ते मी मानीन. त्यांनी काढली असेल तर तसं सांगा. मी काही करून घेणार नाही जिवाचं. पण निघाली असेल… तर तेवढं तरी सांगा ना."

एक वाक्य पुरे होते. नळी सटकली, वहिनी. पाइप मी रुंद करायला लावला होता. त्याने मला सकाळी सांगितले होते. हवी तर तीन वाक्ये. माझ्यामागे रेषा आत गेली आणि थांबली. पाहिल्याशिवाय मला ते कळले. कुणीतरी आत घेतलेला श्वास धरून ठेवला होता आणि ते ऐकत होते.

बोलायला हवा लागते. मी साडेपाच मिनिटांनंतरचा पहिला श्वास घेतला, आणि तो घेताच म्हणाले,

"तसं निश्चित सांगता येत नाही, वहिनी. पुरावा अपुरा आहे."

तिने मान डोलावली. "बरं," ती म्हणाली. तेवढेच. मग फडक्याची घडी केली, ती उंबऱ्यापाशी ठेवली, आणि निघून गेली.

मी वळून पाहिले. रेषा शून्यावर होती. सपाट. मग त्या मीटरने काही नोंदवले नाही. गाडी दंतवैद्य घेऊन गेला; फार छान पळते म्हणतो.

तुम्ही मघापासून माझ्याकडे पाहता आहात, ते माझ्या लक्षात आले आहे. होय, बोलताना मी मध्येच थांबते. त्या दुपारपासून मला श्वास आपोआप येत नाही. तो आठवणीने घ्यावा लागतो, एकेक करून. विसरले तर डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांनी तपासले. फुप्फुसे उत्तम आहेत म्हणाले, थोडी विश्रांती घ्या.

मी झोपतेही. आठ तास, गाढ. जागेपणी प्रत्येक श्वास माझा मला घ्यावा लागतो, हे मी चार निरनिराळ्या पद्धतींनी सिद्ध केले आहे. झोपेतले कोण घेते, ते मोजायला उशाशी मीटर लावून ठेवला आहे.

तो अजून सुरू केलेला नाही.