जागवणाऱ्याचं नातं

रघुवीर तांडेलच्या शरीराचं तापमान चौतीस अंशांवर आलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. जागरणकक्षाच्या काचेपलीकडे तो अकरा वर्षांची झोप अंगावर घेऊन पडला होता, आणि काचेच्या अलीकडे भालचंद्र पोवार तोच अर्ज चौथ्यांदा भरत होता.

रघुवीर ज्या यानातून गुरू ग्रहाला वळसा घालून आला, ते आपलं आपण चालत होतं. दीर्घनिद्रेत माणसाचं शरीर टिकतं का, एवढंच बघण्यासाठी सहा जणांना त्यात झोपवून पाठवलं होतं. पाच जण परवाच उठले. राहिला होता रघुवीर.

"नात्याचा रकाना कोरा असेल तर उठवायला आत सोडता येणार नाही, काका," नातेनिश्चिती अधिकारी कुलथे म्हणाले. माणूस तरुण होता आणि अतिशय नम्र. भालचंद्रला त्या नम्रतेचाच वीट आला होता.

"जोडीदार लिहितो."

"त्याला नोंदणी लागते."

"आणि नोंदणीला?"

"दोघांची हजेरी आणि दोघांच्या सह्या. कायदा चार वर्षांपूर्वीच झालाय, काका. पुरुष-पुरुष, बाई-बाई, सगळ्यांना समान. ते उठले की लगेच उरकून घ्या."

"म्हणजे त्याला उठवायला नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी तो उठायला लागतो."

"प्रक्रिया आहे," कुलथे म्हणाले. त्यांनी जुना कागद पुढे सरकवला. "शिवाय झोपण्याआधी तांडेलांनी तुमचं नातं आतेभाऊ असं लिहिलंय. रक्त तपासलं, तर तुम्ही त्यांचे कुणीच निघत नाही. ही खोटी माहिती झाली."

"दोन पुरुषांना घर कोण देत होतं तेव्हा? आतेभाऊ म्हटलं की द्यायचे. एकदा भाडेकरारावर लिहिलं, मग रेशनकार्डावर, मग गॅसच्या पुस्तकावर. त्याच्या आत्यानं लग्नच केलं नव्हतं. पण ते कुणी विचारलं नाही."

मेंदूतज्ज्ञ डॉ. शहनाज मुजावर आतून आल्या. "कुलथे, किती वेळ चालणार तुमचं? साडेबाराला त्याला उठवायची मुदत संपते."

"रक्ताचे नातेवाईक बोलावलेत, मॅडम. त्यांचे भाऊ रेवदंड्याहून निघालेत. हाकच तर मारायची आहे. कुणी का मारेना."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "बाळंतिणीच्या उशाशी बँड वाजवला तरी ती झोपते, पण बाळ नुसतं कुरकुरलं की उठून बसते. तिचा मेंदू झोपेतही एका आवाजासाठी जागा असतो. दीर्घनिद्रेत बाकी सगळं बंद होतं, तेवढी एक चौकी चालू राहते. शरीर आम्ही गरम करतो, पण दार आतून उघडायचं असतं. आणि ते उघडतं त्या परिचितस्वरालाच. झोपी जाताना वर्षानुवर्षं कानावर पडलेला आवाज तो."

"मग काकांचा आवाज टेप करून लावा. आत कुणी जायला नको."

"दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका झोपलेल्यावर करून पाहिलंय. हाक मारणारा समोरच्याचा श्वास ऐकून पुन्हा हाक मारतो. टेप थांबत नाही, ऐकत नाही. मेंदूला ते कळतं."

"आणि साडेबारानंतर?" भालचंद्रनं विचारलं.

"मग ती चौकीही बंद होते. श्वास चालेल, पण माणूस येणार नाही." त्या कुलथ्यांकडे वळल्या. "सोळा वर्षं याच्या शेजारी कोण झोपत होतं, एवढंच मला हवंय. रक्त कुणाचं आहे त्याचं मी काय करू?"

"तुमचं शास्त्र बरोबर असेल, मॅडम. माझा रकाना वेगळा आहे."

जनार्दन तांडेल अकराला पोचले. वय पंचाहत्तर, हातात काठी. ते कक्षात गेले, लहान भावाच्या उशाशी बसले आणि रघू, रघू करत पाऊण तास हाका मारत राहिले. मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तरंगलेखकाच्या पडद्यावरची रेघ जराही हलली नाही.

बाहेर येऊन ते भालचंद्रसमोर उभे राहिले. सत्तावीस वर्षांत दोघं प्रथमच समोरासमोर आले होते.

"तुमच्यापायीच मी त्याला घराबाहेर काढला," म्हातारा म्हणाला. "माझ्या आवाजाला तो का उठेल?"

जनार्दन कुलथ्यांकडे वळले. "साहेब, मला पुन्हा आत जायचंय. पण मला भोवळ येते. धरायला माणूस लागेल."

"मदतनीस चालतो," कुलथे नियमावली चाळत म्हणाले. "ज्येष्ठ नातेवाइकाला एक."

"मग हा," जनार्दननं भालचंद्रचं मनगट धरलं. "भोवळ बघायला याचं रक्त तपासू नका म्हणजे झालं."

बाराला दहा मिनिटं होती. दोघं आत गेले, आणि भालचंद्र उशाशी बसला. अकरा वर्षं त्यानं ही हाक मनात घोळवली होती. "रघुवीर," तो म्हणाला. मग मोठ्यानं. मग ओरडून, घसा बसेपर्यंत.

रेघ हलली नाही.

"बघा, मॅडम," काचेपलीकडून कुलथे म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट सुटका होती. "यंत्रालासुद्धा हे नातं सापडत नाहीये."

डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिल्या. "असं होऊ शकत नाही. पोवार, घरी तुम्ही असेच बोलायचात त्याच्याशी?"

भालचंद्रला घरं आठवली. सोळा वर्षांत चार घरं झाली. चारही ठिकाणी भिंतीपलीकडे शेजारी. दिवसा चारचौघांत "काय आतेभाऊ, दूध आणलं का?" असं मोठ्यानं चालायचं. दिवा मालवल्यावर मात्र जे काही बोलायचं ते कानाशी, नुसत्या श्वासावर. प्रेमच नव्हे, भांडणंसुद्धा. त्याचा खरा आवाज रघुवीरनं झोपताना कधी ऐकलाच नव्हता.

तो वाकला. ओठ कानाला लागतील एवढा.

"ऊठ आता," तो कुजबुजला. "सकाळपासून एक माणूस माझं डोकं खातोय. मी दमलो, रघू. ऊठ."

डॉक्टरांना काही ऐकू आलं नाही. पण पडद्यावरची रेघ उचलली, पडली, पुन्हा उचलली, आणि मग उतरलीच नाही. जनार्दननं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बारा वाजून एकवीस मिनिटांनी रघुवीरनं डोळे उघडले. ओठ सुकले होते. तो काहीतरी पुटपुटला, आणि ते फक्त भालचंद्रला कळलं.

"काय म्हणाले?" कुलथे दारात आले होते, हातात अर्ज. "पहिलं वाक्य नोंदवावं लागतं."

भालचंद्र उभा राहिला.

"हळू बोल म्हणतोय," तो म्हणाला. "शेजारी ऐकतील म्हणतोय."

कुलथ्यांनी ते लिहून घेतलं. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'जागवणाऱ्याचं नातं.' त्यांनी पडद्याकडे पाहिलं, जनार्दनकडे पाहिलं, शेवटी भालचंद्रकडे.

"काय लिहू, काका?"

"तुम्हीच लिहा," भालचंद्र म्हणाला, आणि रघुवीरला पाणी पाजायला वळला. "मी सत्तावीस वर्षं लिहितोय."