लाल डोक्याची खुंटी

"ठेव! ठेव ती खुंटी खाली!"

आवाज थेट आभाळातून आला असं थोरलीला क्षणभर वाटलं. वाटणारच! दोन वर्षांत त्या आवाजानं तिला एकदाही हाक मारली नव्हती. "आई, वहिनीला सांग, पाणी तापलंय," "आई, वहिनीला विचार, डबा झाला का," एवढंच काय ते बोलणं, तेही सासूच्या मार्गे. तिनं मान वर केली. दारासमोर दोन पुरुष उंचीची काँक्रीटची भिंत, भिंतीवर तो नवा महामार्ग, आणि महामार्गाच्या काठाशी तिचा धाकटा दीर उभा होता... धुळीनं माखलेला, डोळ्यांत नुसता अंगार! आणि तिच्या हातात, नेमकी तिच्याच हातात, ती लाल डोक्याची खुंटी!

"पुन्हा, वहिनी? पुन्हा? एकदा घर बुडवलंस, त्यानं समाधान झालं नाही तुझं?"

"अरे, ऐक तरी..."

"काय ऐकू? वर्षभर त्या मुकादमाच्या मागे कुत्र्यासारखा फिरलो, तेव्हा कुठे या भिंतीला एक जिना मंजूर झाला. जिथं खुंटी तिथं जिना, असं म्हणाला तो. आज जेवणानंतर माणसं येतायत. खुंटी नसली तर जिना पार पलीकडच्या वळणावर जाईल! माझी बायको तान्ह्याला घेऊन माहेरी बसलीय. म्हणते, भिंतीमागच्या खड्ड्यात मी बाळाला आणणार नाही. आणि तू... मी येतोय. मी पोचेपर्यंत तुझं सामान दाराबाहेर दिसलं पाहिजे! आणि त्या खुंटीला परत हात लावलास तर तुला माझ्या दादाची शपथ!"

दादाची शपथ! ज्या नवऱ्याच्या नावानं तिनं सारी तारुण्याची वर्षं या उंबऱ्याआड काढली, त्याचीच! तिच्या हातून खुंटी गळून पडली. वरचा काठ रिकामा झाला.

त्याला उडी मारून येता येणार नव्हतं. रस्त्यानं पुढच्या बोगद्यापर्यंत जायचं, बोगद्यातून खाली उतरायचं आणि भिंतीच्या कडेकडेनं उलट यायचं... पाऊण तासाची वाट. रागाला एवढी लांब वाट असली म्हणजे तो निवतो म्हणतात. याचा निवणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिनंच तर वाढवला होता त्याला! नवरा गेला तेव्हा हा दीर नऊ वर्षांचा होता. लोकांचे कपडे शिवून तिनं त्याला मोठा केला, रोलर चालवायला शिकायला पाठवला. पहिल्या दिवशी कामावर निघाला तेव्हा पाया पडून म्हणाला होता, "वहिनी, आता मशीन बंद. आता तू बसून खायचं." आणि दैव कसं बघा... त्याच रोलरखाली त्याच्याच दारासमोरचा भराव दाबला गेला, त्याच्याच घराचं ऊन गेलं!

रस्ता नकाशाप्रमाणे आला होता. पाडून मोबदला द्यायच्या घरांची यादी मात्र मोजणीच्या खुंट्यांवरून झाली होती; ज्या दारात खुंटी, ते घर यादीत. शेजारच्या सगळ्यांची नावं यादीत आली, सगळ्यांना नव्या वसाहतीत घरं मिळाली. हे एकच घर सुटलं, कारण त्यांची खुंटी सहा पावलं सरकलेली निघाली. पुढे भिंत, मागे कालवा! दिवसाढवळ्या दिवा लावून सुईत दोरा ओवायचा, आणि डोक्यावरून दिवसभर गाड्यांचा घरघराट ऐकायचा. अर्ज केला तर साहेब म्हणाले, "खुंटी हलवता तुम्हीच, आणि रडता पण तुम्हीच?" त्या दिवशी घरी येऊन धाकटा ओरडला होता, "ज्यानं कुणी खुंटी हलवली, त्याला या घरात जागा नाही!" आणि थोरली शांतपणे म्हणाली होती, "मी हलवली. तुझ्या दादाचं घर मोडायला नको म्हणून."

त्यानं तिला बाहेर काढलं नाही. फक्त बोलणं टाकलं. त्यापेक्षा बाहेर काढलं असतं तर बरं!

आता मात्र निघायचं होतं. कपड्यांचं एक गाठोडं झालं. राहिलं मशीन, जुनं, लोखंडी पायांचं. ते सोडून ती जाणार कुठे, नि खाणार काय? तिनं ते फरफटत दाराबाहेर ओढलं, आणि वळवायला गेली तर ते भिंत आणि चौकट यांच्यामध्ये घट्ट अडकलं. ना आत, ना बाहेर! मशीन या घरात आलं तेव्हा दारात अख्खी बैलगाडी उभी राहायची. ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तेवढ्यात तो आला. धापा टाकत, घामानं निथळत. मशीनच्या त्या अंगाला तो, या अंगाला ती. दोन वर्षांनी दोघं समोरासमोर आली, आणि दोघांनाही कुठं सरकायला जागा नव्हती!

"काढ ते," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"निघत नाही."

"मग... मग का केलंस असं, वहिनी?" त्याचा आवाज एकदम फुटला. "एवढंच सांग मला! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याचा जीव घेतला असता. पण तू? मला भरवलंस त्या हातांनी?"

तिनं ओठ दातांखाली धरून मशीनला पुन्हा एक हिसका दिला.

आणि मागून शेळीच्या घंटेचा आवाज आला.

"अगं थोरले, सरक की! वाटेत काय मांडलंय हे?" म्हातारी सासू एका हातानं भिंत चाचपत, दुसऱ्या हातानं शेळीची दोरी धरून येत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माणसं तिला सावल्यांसारखी दिसत. "आणि माझी खुंटी कुठं ठेवलीस? आत्ताच उपटून तुझ्या हातात दिली ना मी? मेल्यांनी पुन्हा वाटेतच ठोकून ठेवली होती, ठेच लागली मला. मागच्या अंगाला ठोकून दे, शेळी बांधते."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आई... पुन्हा म्हणजे?"

"कोण, तू आलास होय? अरे, पूर्वी ही भिंत नव्हती तेव्हाही ठोकली होती की! चांगली मजबूत खुंटी. मी आपली उपटून कालव्याकडं नेली, शेळी चरेल म्हणून. ही थोरली धावत आली, म्हणाली, आई, आधी कुठं होती सांगा. आता मला कुठलं आठवतंय! हिनं पुष्कळ शोधलं बिचारीनं. तोवर ती यादीवाली माणसं येऊनसुद्धा गेली." म्हातारीनं शेळीला थोपटलं. "खुंटीसाठी एवढं रडायचं काय असतं? तेव्हाही रडत होती ही."

वरून एक मोठी गाडी गेली. भिंत थरथरली, मशीनचं चाक आपोआप अर्धा फेरा फिरलं.

"वहिनी..." तो मशीनवर वाकला. "का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?" ती हळूच, म्हातारीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली. "तू म्हणाला होतास, त्याला घरात जागा नाही. दिसत नाही त्यांना, लक्षात राहत नाही. त्यांना कुठं धाडणार होतास तू? माझं काय... मी शिवून खाल्लं असतं कुठंही."

तो मशीनवर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. तिनं हात पुढे केला. मध्ये मशीन होतं. बोटं जेमतेम त्याच्या केसांपर्यंत पोचली.

"पुरे आता, भावड्या. माणसं येतील. खुंटी ठोकायची ना?"

"कुठं ठोकू? शेळीनं सगळं तुडवून टाकलंय. भोकसुद्धा दिसत नाही!"

"दाराच्या मागं बघ."

मशीनवरून चढून तो आत गेला. दाराच्या मागच्या बाजूला कपड्यांवर खुणा करायच्या पांढऱ्या खडूनं लिहिलं होतं: चौकटीपासून त्र्याहत्तर इंच, भिंतीपासून नऊ. परवा मुकादम खुंटी ठोकून गेला तशी ती गळ्यातला टेप घेऊन बाहेर आली होती. दुधानं तोंड पोळलेलं होतं ना!

बाहेर येऊन त्यानं तिच्या गळ्यातला टेप घेतला, त्या आकड्यांप्रमाणे मोजून जागा काढली आणि पडलेली खुंटी उचलून तिच्यापुढे केली.

"तू धर," तो म्हणाला.

"मला शपथ घातलीयस तू."

"दादाची शपथ मी दादाकडून परत मागून घेतो, वहिनी... तू धर."

तिनं खुंटी धरली, त्यानं दगडानं ठोकली. म्हातारी बाजूला कुरकुरत होती, "मग माझी शेळी कुठं बांधू?" त्यानं रोलरच्या चाकाखाली लावायची जुनी पहार मागच्या अंगाला खोल रोवून दिली आणि आईचा हात धरून तिला ती तीनदा चाचपायला लावली. "ही तुझी. ही कुणी नेणार नाही."

मग तो मशीनपाशी परत आला. भिंतीवरून माणसांचे आवाज, टिकाव आपटल्याचे आवाज येऊ लागले होते. जिना होईल तेव्हा होईल. ऊन काही परत येणार नव्हतं. नव्या वसाहतीतलं घर तर नाहीच. त्यानं मशीनच्या लोखंडी पायांना हात घातला आणि तिच्याकडे न बघता, घाबरत घाबरत विचारलं,

"वहिनी, कुठल्या अंगाला ढकलू?"

तिनं त्या अंधाऱ्या दाराकडे पाहिलं. एकदा वर, भिंतीच्या वरच्या काठाकडे पाहिलं.

"आत," ती म्हणाली. "बाळाची झबली शिवायची राहिलीयत."