दोन हाकांचं बेट

"तिन्हीसांजेची हाक आली तर ओ देऊ नको हं, बाय. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारील. ते दोनदाच मारतं."

आशालता मावशीचा हा आवाज कानात कधी येऊन बसला, ते जुईला सांगता आलं नसतं. वेळणेश्वरला मागच्या अंगणात अबोलीचे गजरे करता करता मावशी हे सांगायची, आणि मग आवाज खाली आणून स्वतःच जुळवलेली ओवी म्हणायची —

हाक आली माळातून, कोण मारितं कळेना
वळू कशी गं मी बाई, जीव माघारी वळेना

'ते' म्हणजे कोण, असं विचारलं की मावशी दोरा दातांनी तोडायची, आणि विषय तिथेच संपायचा.

मावशी गेली. जुई न्यूझीलंडला आली, शिकली, वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरसमोर बसायला लागली. सवय मात्र राहिली. मागून कुणी हाक मारली की ती थबकायची, मान जराशी कलती करायची, आणि वळायची ती तिसऱ्या हाकेला. ऑफिसात तिला कमी ऐकू येतं असा समज होता. मैत्रीण स्वानंदीनं त्यावर आपला तोडगा काढला होता.

"जुई, जुई, जुई. घे, तीनदा मारली. आता सांग, चहा टाकू का?"

२०१७ च्या जानेवारीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ही स्वानंदीच तिला ओढून टिरिटिरीला घेऊन निघाली. ऑकलंडजवळचं पक्ष्यांचं बेट. एक रात्र तिथल्या बंकहाऊसमध्ये राहायचं.

"बीचवर पोहायचे टॉग्ज घालून नुसतं काय लोळायचंय," स्वानंदी म्हणाली. "पक्षी बघू. फोटोत बरे दिसतात."

बेटावर उंदीर नाहीत, मांजर नाही, म्हणून तिथले पक्षी माणसाच्या पायाशी येऊन बसतात. ते तसंच राहावं म्हणून ऑकलंडच्याच धक्क्यावर प्रत्येकाची बॅग उघडून बघतात आणि बुटांचे तळ ब्रशनं घासायला लावतात. हिरवी टोपी घातलेला एक स्वयंसेवक खाली वाकून ते काम करत होता. वर न बघताच त्यानं इंग्रजीत विचारलं, बॅगेत काही जिवंत आहे का?

"भूक," स्वानंदी मराठीत पुटपुटली.

तो हसला. हसत वर बघितलं, आणि ब्रश हातातच राहिला.

"जुई?"

समोरासमोर होता, तेव्हा ओ द्यायचा प्रश्नच नव्हता. शार्दूल. कानशिलाशी एक-दोन पांढरे केस, बाकी सगळा तोच.

"तू इथे?"

"मी दर पंधरा दिवसांनी इथे असतो. तू इथे कशी?"

"पक्षी बघायला."

"तुला कोंबडी आणि कावळा यांतला फरक कळायचा नाही."

"कळतो. एक आपण खातो."

"बूट वर कर."

"पाच वर्षांनी भेटतोयस, आणि बूट वर कर?"

"नियम आहे," तो म्हणाला, आणि तिच्या बुटाचा तळ इतका हळू घासू लागला, की मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

हॅमिल्टनला दोघं दोन वर्षं एकत्र शिकली होती. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात. तिनं वरण करपवायचं आणि त्यानं ते न बोलता खायचं. मग तिला वेलिंग्टनला नोकरी लागली. तो राहिला तिथेच, ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात. फोन कमी झाले, मग थांबले.

बोट सुटली. पाणी आलं, वारं आलं, वाऱ्यामागून बेट आलं. डेकवर तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"सोमवारी मी चाललोय," तो म्हणाला. "दूर उत्तरेला एक बेट आहे, बोटीनं काही दिवस लागतात. वर्षभर पक्ष्यांचं काम. फोन जवळजवळ नाहीच."

"आणि नोकरी?"

"सोडली." मग पाण्याकडे बघत, अगदी सहज म्हटल्यासारखं, "तू बसनं वेलिंग्टनला निघालीस ना, त्या दिवशी मी मागून हाक मारली होती. तुला ऐकू आली नव्हती बहुतेक."

"हेडफोन होते कानात," जुई म्हणाली. जरा जास्तच लगेच म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "मला वाटलंच."

*

इथला उन्हाळ्यातला दिवस रेंगाळतो. जेवणं उरकली तरी आभाळात उजेड होता. पण समुद्रावरून धुकं चढू लागलं; आधी धक्का गेला, मग दीपगृह, मग पायवाटेवर सांडलेले पोहुतुकावाच्या फुलांचे लाल तंतूही एकेक करून दिसेनासे झाले. खालच्या खडकांतून पेंग्विन ओरडत होते. लहान मूल उशीत तोंड खुपसून रडावं तसे. रानात कोकाको पक्षी एकच लांब सूर लावायचा आणि सोडून द्यायचा. रिकाम्या गाभाऱ्यात कुणीतरी ओंकार म्हणावा, आणि आत कुणीच नसावं, तसा.

दुपारी पोहून आल्यावर दोरीवर वाळत टाकलेले टॉग्ज आणायला जुई एकटीच बाहेर आली.

"जुई..."

ती थबकली. आवाज पुरुषाचा होता. ओळखीचा होता. आणि तरी त्यात काहीतरी कमी होतं, जणू तो विहिरीच्या तळाला बराच काळ पडून होता आणि आत्ता कुणी पोहऱ्यानं वर काढला होता.

"जुई..."

शार्दूलचाच. ती मान कलती करून उभी राहिली. तिसरी आली की वळायचं. ओल्या कपड्यातलं पाणी तिच्या पावलावर ठिबकत होतं. तिसरी हाक आली नाही.

आणि मग डाव्या हाताला, दरीच्या पलीकडून, तोच आवाज, तोच हेल — "जुई... जुई..." तो विरतो न विरतो तोच पुन्हा उजवीकडून. एक माणूस, दोन ठिकाणी. दोन्हीकडे दोनदा, आणि दोन्हीकडे शांत.

ती आत आली ती दार पाठीनं लोटूनच.

"काय गं? भूत पाहिल्यासारखी?"

"कुणीतरी मला हाक मारतंय."

"पेंग्विन असेल."

"पेंग्विन माझं नाव घेईल?"

"घेईल की. चांगली दिसतेस," स्वानंदी म्हणाली आणि खाकऱ्याचा तुकडा मोडला. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

थोड्या वेळानं शार्दूल आला तो खालच्या किनाऱ्याकडून, दोन जर्मन पाहुण्यांना पेंग्विनची घरटी दाखवून. तासभर तिकडेच होता म्हणे. कपडे धुक्यानं चिंब. जुई त्याच्या ओठांकडे बघत राहिली, जणू ते हललेले कळतील. विचारलं मात्र नाही. कसं विचारणार — तुझा आवाज तुला सोडून फिरतो का?

*

सकाळीही धुकं होतं. सकाळी येणाऱ्या बोटीनंच दुपारी परतायचं होतं. बोट येते की नाही, हेही नक्की नव्हतं. स्वानंदी पांघरूण ओढून पडून राहिली. "मला धुक्यातले पक्षी कालच दिसले," ती म्हणाली. "सगळे पांढरे होते."

शार्दूल रानातल्या खाऊघरात साखरपाणी भरायला निघाला होता. खाऊघर म्हणजे जाळीची पेटी. छोट्या पक्ष्यांनी आत शिरून प्यायचं.

"येतेस?"

"येते. पण माझ्या मागे चालू नकोस. शेजारून चाल."

"का?"

"असंच."

दोघं निघाली. झाडांवरून थेंब गळत होते. वाट इतकी अरुंद, की शेजारून चालायचं म्हणजे बाही बाहीला लागायची. खाऊघराशी त्यानं बाटली उतरवली, झाकण फिरवलं, ओतू लागला. तोंड बंद, नजर पाण्याच्या धारेवर. जुई त्याच्याकडेच बघत होती.

"जुई..."

समोरच्या झाडातून. त्याचाच आवाज.

तिनं त्याचा दंड गच्च धरला. साखरपाणी सांडलं. त्याचे ओठ मिटलेले होते, आणि हळूहळू त्याचे कान लाल होत होते.

"जुई..."

"शार्दूल, हे काय आहे?"

"थांब. घाबरू नकोस. वर बघ."

फांदीवर काळाभोर पक्षी, अंगावर हिरवी-निळी झाक, गळ्याशी पांढऱ्या पिसांचे दोन गोंडे. त्यानं मान फुगवली, चोच उघडली, आणि तीत शार्दूलचा आवाज होता. पलीकडच्या झाडातून दुसऱ्यानं तोच परत केला. मग आणखी खालून, धुक्यात न दिसणाऱ्या तिसऱ्यानं. सगळं रान दोन-दोन हाका मारत होतं, आणि कुठल्याच झाडाला तिच्याकडून काही नको होतं.

"टुई आहेत," तो म्हणाला. "जे ऐकतात ते म्हणतात. मी यायला लागलो तेव्हा एकाचा पंख खिडकीवर आपटून मोडला होता. रेंजरनं त्याला शेडमागं पिंजऱ्यात ठेवलं. सुट्टी टाकून दोन महिने मी त्याला सकाळ-संध्याकाळ खायला घालायचो."

"आणि माझं नाव शिकवलंस?"

"शिकवलं नाही गं. पक्ष्याशी काय बोलणार? दुसरं काही सुचायचं नाही, तेवढंच यायचं तोंडात." त्यानं बाटलीचं झाकण उगाच फिरवलं, परत उघडलं. "बरा झाला, सोडला. मग पोरं झाली, ती त्याचंच ऐकून शिकली. तो स्वतः मेला गेल्या हिवाळ्यात. ही म्हणतात अजून. एका जपानी बाईंनी मला विचारलं, हे असं ओरडतात म्हणूनच यांना टुई म्हणतात का? मी हो म्हटलं."

जुईला हसू आलं, आणि हसता हसता अंगावर काटाही आला. जो मेला त्याचा आवाज ही पोरं काढत होती. आणि तो आवाज याचा होता, आणि नाव तिचं. सोमवारी हा निघून जाईल. बेट हाका मारत राहील.

"दोनदाच का?"

"बस स्टॉपवरही दोनदाच मारली होती. दोन हाकांनी माणूस वळत नाही, म्हणजे त्याला वळायचं नसतं. तिसरी मारायची म्हणजे मागं लागायचं. तेवढं मला जमत नाही."

जुई खाऊघराच्या खांबाला टेकली. मग तिनं त्याला मावशीचं सांगितलं. अबोली, दोरा, दोनदा हाक मारणारं ते, तिसऱ्या हाकेची वाट. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे हेडफोन नसते तरी तू तिसरीला थांबली असतीस? अगं, मग मी उगाच..." तो मोकळा हसला. "पाच वर्षं मी मावशींच्या भुतात जमा होतो तर. मारायला हवी होती एक जास्त."

"हो," जुई म्हणाली.

किती सोपं होतं. मावशीच्या पदराखाली लपायचं. त्यालाही ते पटलं होतं, आवडलंही होतं. हसत हसत वर्षभरासाठी गेला असता, आणि कुणाचंच काही चुकलेलं नसतं.

खालून बोटीचा भोंगा आला. धुक्यात तो कुठल्याही दिशेनं आल्यासारखा वाटला.

"आली," तो म्हणाला. "मला दोर घ्यायला जायला हवं. तू सावकाश ये." त्यानं रिकामी बाटली उचलली. चार पावलांत त्याची पाठ फिकट झाली. टोपी गेली, खांदे जाऊ लागले. वरून एक टुई त्याच्या मागे झेपावला.

"शार्दूल."

पहिल्याच हाकेला तो वळला. धुक्यातून परत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"मावशीचा नियम तिन्हीसांजेचा होता," जुई म्हणाली. "बस सकाळची होती. लख्ख ऊन होतं."

त्यानं बाटली खाली ठेवली.

"आणि हेडफोन नव्हते. ते मी परवाच्या... कालच्या बोटीवर बनवून सांगितलं." तिचा आवाज घसरला, तिनं तो परत धरला. "दोन्ही हाका ऐकल्या मी. पहिल्या हाकेलाच कळलं होतं तुला काय म्हणायचंय ते. वळले असते तर बस सुटली असती, शार्दूल. आणि ती सुटावी असं मला इतकं वाटत होतं... की त्याचीच भीती वाटली."