जुन्या भागातलं पाणी

“डॉक्टर, तुमच्या अहवालामुळे माझा नवरा फासावर जाईल,” नावाड्याची बायको म्हणाली आणि डॉक्टरांना चहाचा ठसका लागला.

ती आली होती मास्तरीणबाईंकडे. बाईंनी शाळा सोडून लोकांची कुलंगडी निस्तरायला घेतली होती. डॉक्टर चहासाठी यायचे आणि हमखास अडकायचे.

तळ्याकाठच्या भव्य हॉटेलचे म्हातारे मालक धक्क्यापाशी बुडालेले सापडले होते. आदल्या दिवशी त्यांनी नावाड्याला कामावरून काढलं होतं आणि त्यानं चारचौघांत “बुडवून मारीन” म्हटलं होतं. पोलिसांना तेवढं पुरलं.

“फुफ्फुसांत तळ्याचंच पाणी होतं,” डॉक्टर म्हणाले. “शंकाच नाही.”

“शेवाळ?”

“नव्हतं. पाणी नितळ होतं.”

“धक्का तर शेवाळानं बुजलाय,” बाई म्हणाल्या. “चला.”

एके काळी या हॉटेलात मंत्री उतरायचे, नट्या रुसायच्या. आता हिवाळ्यात अर्धी इमारत बंद असे. भिंतीवर एक जुनी जाहिरात होती : ‘तळ्यात न उतरता तळ्यात नाहा!’

“जुन्या भागात पंपानं तळ्याचं पाणी थेट टबात यायचं,” मॅनेजर म्हणाले. “जाळीतून गाळून.”

“पंप अजून चालतो?”

“चालतो की. पण थंडीत पाइपात पाणी गोठून पाइप फुटतात. म्हणून आम्ही पाइप रिकामे करून सगळे नळ उघडे ठेवतो. दर हिवाळ्यात मी आणि नावाडी, दोघं मिळून.”

“किल्ल्या?”

“खुंटीवर असतात. इथे कोण चोरणार?”

मालकांचा भाचा वाचनालयात हॉटेलचा इतिहास लिहीत बसला होता. माणूस गोडबोल्या.

“मामांना हॉटेल विकायचं नव्हतं, मला विकायचं होतं. त्यात लपवायचं काय? पण ही जागा जीव की प्राण आहे हो माझा. लहानपणी दर उन्हाळ्यात इथेच असायचो. हिवाळ्यात मात्र पहिल्यांदाच आलोय. काय ही थंडी!”

“जुन्या भागात गेला होतात?”

“छे! तिथे काय आहे आता?”

राहिल्या मालकांच्या धाकट्या बहीण, माई. जन्म याच हॉटेलात गेलेला. आता त्यांना काल काय झालं ते आठवत नसे. खिडकीशी बसून त्या हसल्या.

“दादा गेला त्या दुपारी पाहुणे आले होते. सगळ्या खोल्यांत पाणी वाहत होतं. भिंतींतून ऐकू येत होतं.”

“माईंचं असंच चालतं,” मॅनेजर हळूच म्हणाले. डॉक्टरांनीही दयेनं मान हलवली. बाईंनी मात्र माईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग त्या डॉक्टरांना घेऊन जुन्या भागात गेल्या. प्रत्येक टबात धूळ होती आणि नळाखाली त्या धुळीत एक स्वच्छ पट्टा होता. शेवटच्या खोलीतल्या टबात धूळच नव्हती. तिथून एक जिना तळ्यात उतरत होता. डॉक्टरांना काही कळेना, आणि तसं कबूल करायची त्यांची तयारी नव्हती.

बाईंनी सगळ्यांना जुन्या भागात बोलावलं. फौजदारही आले. माई मॅनेजरांचा हात धरून आल्या.

“शेवाळ नसलेलं तळ्याचं पाणी फक्त इथल्या नळांना येतं,” बाई म्हणाल्या. “मालक टबात बुडाले. मारणाऱ्यानं टब भरायला पंप सुरू केला आणि इथेच फसला. हिवाळ्यात इथले नळ उघडे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळ्या खोल्यांत धो धो पाणी वाहिलं. माईंनी खरं तेच सांगितलं, आपण सगळे बहिरे झालो होतो. मॅनेजर आणि नावाडी दरवर्षी हे नळ स्वतः उघडतात. त्यांनी आधी बाकीचे नळ बंद केले असते. आता पंप सुरू करते. एका खोलीत पाणी येणार नाही.”

कळ दाबली. अख्खा मजला खळखळू लागला. भाच्याची नजर झटकन शेवटच्या दाराकडे गेली.

“कोणती खोली, ते मी अजून सांगितलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “टब भरल्यावर तुम्ही घरच्यासारखा नळ बंद केलात. इथलं माणूस तो उघडाच ठेवतं. मग मामांना तिथल्या जिन्यानं तळ्यात सोडलंत. तळ्याचं पाणी खोलीत येतं, हे तुम्हाला जुन्या कागदांतून कळलं. हिवाळ्यातली रीत मात्र कागदांत नव्हती.”

भाचा भिंतीला टेकला. “मी त्यांना बोलवायला निघणार होतो,” तो पुटपुटला. “तेवढ्यात मामा आपणहूनच आले. कसे आले, कळलंच नाही.”

फौजदारांनी त्याचा दंड धरला. म्हणजे नावाडी सुटला. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

माई वाहत्या पाण्याकडे कान देऊन उभ्या होत्या. चेहरा उजळला होता.

“आले बघा पुन्हा,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशीही असंच वाजलं. दादा झोपला होता. मीच उठवलं त्याला. म्हटलं, दादा, जुन्या भागात पाहुणे आलेत, जा, बघून ये.”

मग त्यांनी डॉक्टरांची बाही ओढली.

“अजून कसा आला नाही हो तो?”

बाईंनी पंप बंद केला.