बाहेर पडल्याची सही

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या संगणक लॅबचे दोन नियम होते. चपला बाहेर काढायच्या, आणि रजिस्टरात दोन सह्या करायच्या. आत येताना एक, बाहेर पडताना एक, वेळेसकट. रजिस्टर गुंडाप्पा मामांच्या ताब्यात असायचं. मामा लॅबचे शिपाई. त्यांना माउस धरता येत नव्हता, पण कुणाची बाहेरची सही राहिली, तर रजिस्टर काखेत मारून ते भूमच्या एस्टी स्टँडपर्यंत मागं पळत यायचे.

"सही कर आन मग जा," म्हणायचे. "कागदावर तू अजून आतच हायस."

आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो.

मी प्रतीक्षा. आमची वस्ती भूमपासून सात किलोमीटर. घरात दीडशे मेंढरं आणि मोबाइल एकच, तोही आण्णांच्या खिशात. अकरावीला हिंदी सोडून मी आयटी घेतलं तेव्हा आत्या म्हणाली, "आता मेंढरं कंप्युटरनं हाकणार व्हय गं?" सगळे हसले. माझे वडील, म्हणजे आण्णा, तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "बारावीला सगळे विषय निघाले तर धाराशिवला कॉलेजात घालतो. एक जरी राहिला, तर आत्याच्या मल्हारशी सुपारी फोडायची. मग तोंड वाकडं करायचं न्हाय." आण्णा शब्दाचे पक्के, दोन्ही बाजूंनी. मल्हार तसा वाईट नव्हता हो. पण मला तो नको होता, मला धाराशिव पाहिजे होतं.

आणि माझं घोडं अडलं ते नेमकं आयटीतच. वेबपेज बनवायला जो कोड लिहितात, त्यात टॅग नावाच्या खुणा असतात. प्रत्येक टॅग उघडला की बंद करावा लागतो. एवढंच. पण मी दोन बोटांनी टाइप करणारी. एक अक्षर शोधेपर्यंत मागचं विसरायची. एखादा टॅग उघडाच राहायचा आणि अख्खं पेज विस्कटायचं. माझी एस्टी उशिरा यायची, त्यामुळं चांगल्या मशीन आधीच गेलेल्या असायच्या. मला उरायची खिडकीजवळची नऊ नंबर. खिडकीतून मागच्या खव्याच्या भट्टीचा धूर आत यायचा आणि डोळे चुरचुरायचे.

बारावीच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी मी आदल्या दिवशीची फाइल उघडली. कोडच्या तळाशी एक ओळ जास्तीची होती. कोडमध्ये अशी कमेंट लिहिता येते. पेजवर ती दिसत नाही, कोड उघडला तरच दिसते. अक्षरं इंग्रजी, पण बोलणं आपलं.

'सोडली तेवढी कोंडली का? मोज.'

माझ्या अंगावर काटा आला. रोज दिवस मावळताना वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, आण्णा मला हेच विचारतात. याच शब्दांत. मी मोजलं. अकरा टॅग उघडले होते, दहा बंद केले होते.

मी काही भोळसट नाही. आधी मला शिवप्रिया मॅडमचा संशय आला. त्या आम्हाला आयटी शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या कोडमध्ये कशाला लिहीन? लिहायचं तर वहीवर लाल पेनानं लिहीन की." मग वर्गातल्या पोरींचा संशय आला. मी पासवर्ड बदलला, कुणाला सांगितला नाही. नेटवर्कची वायरही उपसून ठेवली. दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये ओळ होती:

'वायर परत लाव, मॅडम रागावतील. आठवी ओळ बघ.'

आठव्या ओळीत चूक होती. मी खुर्चीवरून उठले तेव्हा खुर्चीच्या पाठीला ओल्या घोंगडीचा वास येत होता. पंधरा दिवसांत पावसाचा एक थेंब पडला नव्हता.

त्यानंतर महिनाभर मी नऊ नंबरकडं फिरकले नाही. उभ्यानं वाट बघायची, पण दुसरीच मशीन धरायची. चाचणीत मला वीसपैकी चार मार्क पडले. घरी आईनं, म्हाळसाबाईनं, मार्क ऐकले आणि ती भाकरी थापत राहिली. रात्री तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. "घाबरू नकोस. व्हतंय, व्हतंय." अडलेल्या मेंढीजवळ बसून ती असंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं नऊ नंबरवर बसले आणि स्वतःच एक कमेंट लिहिली. 'अक्का, मला मल्हारशी लगीन करायचं न्हाय. शिकवा.' कोण जाणे, अक्का असंच सुचलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'बस. पहिल्यापासून.'

अक्कानं मला काय काय शिकवलं ते आता कसं सांगू? उत्तर तिनं एकदाही दिलं नाही. कुठं बघायचं तेवढं सांगायची. 'हितं दम खा.' 'घाई केलीस.' एकदा सगळं बरोबर आलं तर नुसतं 'शाब्बास गं.' ती ओळ मी दहादा वाचली आणि डोळे पुसले; शेजारचीला सांगितलं, भट्टीचा धूर आहे. भीती होती, नाही कशाला म्हणू? पण रोज एस्टीतून उतरताना मला लॅबची ओढ लागायची.

नऊ नंबरवर कोण लिहितं, असं जानेवारीत मी मामांना विचारलंच. मामांनी कपाटातून एक जुनं रजिस्टर काढून पान उघडलं. तारीख चौदा वर्षांपूर्वीची. राजेश्वरी. आत, अकरा वाजून दहा मिनिटं. बाहेरचा रकाना कोरा.

"तुमच्या पलीकडल्या वस्तीवरली. मेंढपाळाचीच पोर."

"मेली का हो?"

"अभद्र बोलू नकोस! सोलापूरला नोकरीला हाय, दोन लेकरं हायत. परीक्षा सोपी गेली म्हणून आनंदानं पळत सुटली, सही राहिली. माझ्या डोळ्यांदेखत एस्टीत बसली."

"मग हितं कोण हाय?"

मामांनी रजिस्टरची नाडी बांधली. "म्हणून तर मी तुमच्यामागं पळतो," एवढंच म्हणाले.

मार्चमध्ये परीक्षा आली. आयटीचा पेपर संगणकावरच, आमच्याच लॅबमध्ये. सही करून मी आत गेले, दहा वीसला. मला चौदा नंबर मिळाला, पार दुसऱ्या टोकाला.

शेवटच्या प्रश्नात तक्ता बनवायचा होता. तो दिसेचना. पाच मिनिटं उरली. मी कोड वरून खाली वाचला, खालून वर वाचला. काही सापडेना. डोळ्यांपुढं सुपारी दिसायला लागली.

ओल्या घोंगडीचा वास आला.

कर्सर मी तळाशी ठेवला होता. तो सहाव्या ओळीच्या शेवटी लुकलुकत होता.

तिनं एक अक्षरही टाइप केलं नाही. टॅग मीच बंद केला. तक्ता आला.

बाहेर येताच मी मामांकडून ते जुनं रजिस्टर मागून घेतलं. राजेश्वरीच्या कोऱ्या रकान्यात वेळ घातली, एक वाजून पाच. सहीच्या जागी लिहिलं, 'अक्का, लई उपकार झाले. आता जावा.' लिहिताना मला रडू फुटलं. मामांनीही उपरण्यानं डोळे पुसले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, वस्तीची एस्टी लागलीय, आणि मी चपला हातात घेऊन धूम ठोकली.

सगळे विषय निघाले. आण्णांनी वस्तीवर पेढे वाटले आणि आत्यालाही स्वतःच्या हातानं एक भरवला. आई सोनारीला भैरोबापुढं नारळ फोडून आली. जुलैमध्ये मी धाराशिवच्या कॉलेजात होते.

ऑक्टोबरात माझ्या नव्या मोबाइलवर एक फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता.

"ताई, मी निकिता. बारावीला हाय, आयटी. मामांनी नंबर दिला. तुमचे लई उपकार झाले बघा."

"माझे? कशाचे?"

"नऊ नंबरवर लिहिता ना माझ्या कोडमध्ये. मी नाव विचारलं तर प्रतीक्षा लिहिलंत. कालच रडत होते, तर तुम्ही लिहिलंत, घाबरू नकोस, व्हतंय, व्हतंय."

मी हॉस्टेलच्या जिन्यावर बसले. मग मला परीक्षेच्या दिवशीची ती एस्टी आठवली.

शनिवारी भूमला गेले. मामांनी न विचारता रजिस्टर पुढं केलं. माझी ओळ. आत, दहा वीस. बाहेर, कोरं.

"त्या दिवशी म्या बी इसरलो," मामा म्हणाले. "कर सही आन मोकळी हो."

मी पेनचं टोपण काढलं. दारातून नऊ नंबर दिसत होता. निकिता ओठ चावत दोन बोटांनी टाइप करत होती. या वर्षी नापास झाली तर शिक्षण बंद, असं तिच्या घरी ठरलेलं. फोनवर तिनंच सांगितलं होतं.

माझा हात पुढं जाईना. मला कुणी बसवून शिकवलं नसतं, तर मी आज कुठं असते?

मी टोपण परत लावलं.

"हिची परीक्षा झाल्यावर येते, मामा."

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि रजिस्टर मिटलं.

"ताई, या की आत!" निकितानं हाक मारली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. "बघा, आत्ताच आलं."

मी वाकून वाचलं.

'टोपण लावलंस, बरं केलंस. तू जा आता, एस्टी चुकंल. मी हाय हितं.'