हिरवा ठिपका

जावई डबा विसरला, म्हणून दुपारी बोगद्यावर गेलो. तोंडाशी पत्र्याची खोली, आत माझी पोरगी पडद्यापुढे बसलेली. नवरा आत डोंगर फोडणार, ही बाहेर त्याचा ठिपका बघणार. असला यांचा संसार.

"डोकं हेल्मेटात बांधलेलं असतं म्हणून बरं," मी म्हणालो. "नाहीतर तेही घरी राहायचं त्याचं."

"बाबा, हळू! फोन चालू आहे," ती हसली.

हेल्मेटातल्या यंत्राचा सिग्नल खांबाखांबावर पकडतात. सरळ आला तर ठिपका हिरवा, जागा खरी. मधे दगड आला, नुसता माणूस आला, तरी सिग्नल भिंतींवर आपटत लांबून येतो. मग ठिपका पिवळा, आणि माणूस आहे त्याहून लांब दिसतो. एवढं तिनंच माझ्या टाळक्यात भरलेलं.

तेवढ्यात जमीन हादरली. बोगद्यातून धुळीचा लोट आला, जळक्या दगडाचा वास घेऊन. बाकीचे खोकत बाहेर पडले, आत छत कोसळलं म्हणत. जावई नाही. ठिपका पिवळा.

"दिसतोय तेवढा आत नाही तो," पोरगी फोनवर मुकादमाला म्हणाली. "अलीकडे खणा."

माणसं परत आत शिरून खणायला लागली. मग ठिपका हिरवा झाला. आणि चालायला लागला.

"सुटला! बाबा, सुटला! मधे काही नाही आता!" तिनं खणणं थांबवलं. माणसं वाट सोडून बाजूला उभी राहिली. ठिपका त्यांच्यामधून इकडे सरकला.

"ताई..." मुकादमाचा आवाज बसला होता. "इथून कोणीच गेलं नाही..."

पुन्हा खणलं. ती म्हणाली होती तिथंच सापडला. यंत्राचा पार भुगा.

"अंग अजून गरम आहे, ताई... आपण थांबलो नसतो तर..." मुकादमानं फोन ठेवला.

पोरगी रडली नाही. पडद्याकडे बघत राहिली. ठिपका खोलीत आला होता. तिच्या खुर्चीपाशी. हिरवागार.

मी असलं काही मानत नाही. उठलो, दाराजवळच्या खांबाच्या आणि खुर्चीच्या मधे उभा राहिलो. ठिपका पिवळा. सरकलो. हिरवा. परत उभा राहिलो. पिवळा. मानेवर गार धूळ पडली.

"बाबा..." ती पुटपुटली. "मधे नका ना उभे राहू..."

मी बाजूला झालो. डबा अजून माझ्या हातातच होता. तो कोणीतरी अलगद काढून घेतला.

पोरगी तर खुर्चीतच बसली होती.